मदत हवी आहे: जुन्या जिनच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) इमारतींची पाहणी कशी करायची? (तातडीचं)

जिनवाडी
सोमवारी नगरपरिषदेत बैठक आहे. स्टेशनमागच्या जुन्या इमारतींपैकी जपण्यासारख्या कोणत्या, याची यादी मागितली आहे. जिन, प्रेस हाऊस (कापसाच्या गाठी बांधायची इमारत), गोदामं, विटांची चिमणी आणि कामगारांची चाळ एवढं उभं आहे. नोटीस लागली आहे, मालकाला सगळंच पाडायचं आहे. वारसा ठरवायचे निकष काय? फॉर्म कुठे मिळतो? लवकर सांगा.

तापीकाठ
कोनतं गाव शे ते तरी सांगा ना भो! आणि नोटीस कसली? धोकादायक इमारतीची असेल तर रस्ता वेगळा.

निवृत्त_मास्तर
आधी १८८० चं खान्देशचं गॅझेटियर वाचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१-६५) तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला. त्याच सुमाराला रेल्वे आली. म्हणूनच आपल्याकडे जिन-प्रेस स्टेशनांना चिकटून दिसतात. हे कळल्याशिवाय यादी करण्यात अर्थ नाही.

जिनवाडी
पाचोरा. नोटीस धोकादायक म्हणूनच आहे. मास्तर, गॅझेटियर वाचतो, पण सोमवारी काय दाखवू?

पीजेवाला
पाचोरा म्हणजे पीजे! पाचोरा-जामनेर छोटी गाडी हाच खरा वारसा. तिच्यासाठी कोणी बैठक घेत नाही. लहानपणी मामाकडे तिनेच जायचो.

चुनाभट्टी
सुटी इमारत पाहू नका, कामाची साखळी पाहा. कापूस कुठे उतरायचा, रुई आणि सरकी कुठे वेगळी व्हायची, गाठी कुठे बांधल्या जायच्या. जुना जिन दुमजली असेल तर खालच्या मजल्यावर लाइनशाफ्टचे (यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) ब्रॅकेट भिंतीत अजून असतील, त्यांचा फोटो काढाच. लोखंडी तुळयांवर आणि मंगलोरी कौलांच्या पाठीवर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, त्यावरून काळाचा अंदाज येतो. आणि कोणी सिमेंटचा गिलावा सुचवला तर हाकलून द्या. चुन्यातल्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते, लोणा धरतो, विटा भुगा होतात.

साइट_इंजिनिअर
हाकलून कशाला? चिमणी कलली असेल तर चुना लावत बसणार का? खाली शाळेची मुलं जातात. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग वारसा.

चुनाभट्टी
ऑडिटला ना नाही. पण फक्त आरसीसी जाणणाऱ्याने केलं तर तो भेग दिसली की "पाडा" लिहितो. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भेग चालू आहे, नाहीतर जुनीच. चिमणीचा कल टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) मोजा.

साइट_इंजिनिअर
काचेची पट्टी सोमवारपर्यंत काय सांगणार? निदान महिनाभर तरी थांबावं लागतं. कल मात्र एका दिवसात कळेल.

प्लॉट_सल्लागार
स्टेशनजवळ आहे तर एनए (बिगरशेती) झालंय का? आज विकायला भाव चांगला आहे.

जिनवाडी
विकायचं नाही हो! जागा माझी नाहीच.

नकाशा
केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, तिकडे जाऊच नका. तुमचा रस्ता १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचा आणि २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीचा. त्यात वारसा यादी आणि श्रेणी १, २, ३ आहेत. यादीचं काम नगरपरिषदेने हाती घ्यायचं असतं, म्हणून बैठकीत ठरावच मागा. फॉर्मसाठी अडू नका. प्रत्येक इमारतीला एक पान करा: मूळ वापर, काळ, नंतरचे बदल, शिल्लक काय, आजची स्थिती. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका जोडा. मालक आत येऊ देतो का?

जिनवाडी
नाही, कुलूप आहे. चाळीतले लोक मात्र बोलतात. एका आजोबांनी प्रेसवर काम केलंय.

नकाशा
मग आजोबांना आजच गाठा. कोणतं यंत्र कुठे होतं ते त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या, फोनवर आवाजही ठेवा. मिळकत पत्रिकेत हे कधीच मिळणार नाही. चाळ यादीत पहिली घाला, पाडताना तिच्यासाठी कोणी भांडत नाही. आत जायची परवानगी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागा, पोच घ्या.

तापीकाठ
पोच घ्याच भाऊ. आणि नोटिशीवरची तारीख टाका इथे. मुदत किती उरली ते कळल्याशिवाय सोमवारचं काही सांगता येणार नाही.