प्रतिसाद: मीटर कमी, म्हणून ट्रॅक्टर चांगला?

वर एकाने विचारलंय, शेडमध्ये उभा राहिलेला, मीटरवर जेमतेम हजार तास दिसणारा जुना एचएमटी झेटर ट्रॅक्टर घ्यावा का. मी मीटर शेवटी बघेन. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, मंद गतीत तासभर चालला तरी मीटरवर तास भरत नाही. मीटरची केबल तुटली की मीटर थांबतंच, आणि ती फार लोक बदलत नाहीत!

त्यापेक्षा क्लच-ब्रेकचे पेडल किती झिजलेत, ड्रॉबारची (मागे ट्रॉली जोडायची पट्टी) भोकं गोल आहेत की लांबट झालीत, पीटीओ शाफ्टचे (रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणारा मागचा दांडा) दाते कसे आहेत ते बघा. ते खोटं बोलत नाहीत.

खरंच कमी चाललेला असेल तर दुखणी वेगळी. ऑइल सील कडक होतात, टाकीत गंज धरतो, डिझेल पंप जाम होतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) चिकटते. रेडिएटरात नुसतं पाणी राहिलं असेल तर लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बाहेरून गंजून खाल्ले जातात, ते वरून कळत नाही. टायरची नक्षी शाबूत, पण बाजूला भेगा.

आणि स्टार्टर लगेच मारू नका, ढकलून सुरू करणं तर नकोच. नोझल (डिझेल फवारणारे) काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग इंजिनाच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. फिरलं तर ऑइल, फिल्टर, डिझेल सगळं नवीन.

एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी आधी, बयाणा नंतर.