रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांनी खाणंच सोडलंय, नाकातून नळी घालू द्यावी का?

बाबांची_लेक:
बाबांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे, ३० पैकी १३ झालेत. पहिले दोन आठवडे इतके बरे गेले की आम्ही सगळे निवांत झालो होतो आणि मग एकदम तोंडभर फोड, लाळ चिकट, तार धरल्यासारखी, पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यात पाणी येतं. चव पूर्ण गेलीये, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणतात. सुरुवातीला ६४ किलो होते, काल ६० भरले. डॉक्टर म्हणाले नाकातून नळी घालू, तर बाबा म्हणे नळी घातली म्हणजे माझं संपलं, आणि विषय बंद. आई वाटी घेऊन मागे मागे फिरते, ते तोंड फिरवतात, मग दोघंही चिडतात. मी नक्की कोणाची समजूत काढू?

चिकट_लाळ:
ताई, मी यातून गेलोय, गालाचा होता. आधी आईंना थांबवा. भूक नाही म्हणून ते नाही म्हणत नाहीयेत, आगीवरून घास न्यायचा असतो हो. दुखणं आधी, जेवण नंतर. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दुखतंय म्हणून खात नाहीत, तोंड बधिर करणारं औषध मिळतं, ते जेवायच्या थोडं आधी तोंडात फिरवून थुंकायचं, मग दहापंधरा मिनिटं बरी जातात. तेवढ्यात खाऊन घ्यायचं, फक्त गरम काही नको, तोंड बधिर असतं त्यामुळे भाजलेलंही कळत नाही, मी गाल चावून घेतला होता. त्यानेही भागलं नाही तर जास्त ताकदीच्या गोळ्या देतात, त्याने शौचाला घट्ट होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या, नंतर पळापळ नको.

आणि चुळा. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दर दोनेक तासांनी, खायच्या आधी तर नक्कीच, त्याने ती तार सुटते. बाजारातलं अल्कोहोलवालं झोंबरं माउथवॉश अजिबात नको.

वाटी_चमचा:
मी आहारतज्ज्ञ आहे, तुमच्या बाबांना पाहिलेलं नाही त्यामुळे ढोबळ सांगते. तीन आठवड्यांत ४ किलो म्हणजे सहा टक्क्यांच्या वर गेलं, हे बरंच आहे, डॉक्टर उगीच नळी म्हणत नाहीयेत. वजन उतरलं की रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो चेहऱ्याचा मास्क सैल होतो, कधीकधी रेडिएशन नेमकं कुठे द्यायचं याचं सगळं प्लॅनिंग परत करावं लागतं, आणि अशक्तपणामुळे रेडिएशनमध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. बाबांना भूक-ताकद वगैरे सांगण्यापेक्षा हे सांगून बघा.

६० किलोच्या माणसाला या काळात साधारण १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. घरोघरी होणारी चूक म्हणजे पातळ सूप, पोट भरतं आणि आत जातं नुसतं पाणी. दुधात दूध पावडर, मऊ शिजवलेलं अंडं, मिक्सरमधून काढलेलं जेवण वरून लोणी किंवा तेल घालून, दर दोन तासांनी अर्धी वाटी. आंबट, तिखट, कडक बंद. आणि तोंडात पुसता येणारे पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते, लगेच दाखवा, त्यावर औषध असतं.

पिताना ठसका लागत असेल तर मात्र घरचे प्रयोग थांबवा, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. १०० च्या वर ताप आला तरी थांबू नका, फोन करा, केमो चालू असेल तर रात्री सुद्धा.

एकटा_जीव:
माझं जरा वेगळं मत. माझ्या आईने नळी न घालता पार पाडलं, माणसाच्या मनाविरुद्ध कशाला?

चिकट_लाळ:
दादा, तुमच्या आईचं वजन टिकलं असेल मग. मी पण हट्ट केला होता, सात किलो गेल्यावर घातली आणि दुसऱ्या दिवशी वाटलं आधीच का नाही. घालताना दोन मिनिटं वाईट जातात, नंतर घशात काहीतरी टोचत राहतं, पण जेवणाची लढाई संपते. गोळ्या पण त्यातूनच कुटून (सगळ्या नाही कुटता येत, विचारून घ्या). भरताना बसून राहायचं, नंतरही अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही, आधी आणि नंतर ३० मिली पाणी नळीत सोडायचं, नाहीतर ती तुंबते. पण ताई, नळी असली तरी डॉक्टर हो म्हणत असतील तर रोज घोट घोट तोंडाने गिळायला लावा, घसा विसरतो. तोंड उघडायचा व्यायाम पण, माझी तीन बोटं मावायची ती दोनवर आली आणि अजून दोनच आहेत, आळस केला त्याची शिक्षा.

वाटी_चमचा:
हे बरोबर. आणि रेडिएशन संपलं की लगेच सुटलो समजू नका, शेवटच्या दिवसानंतरचे एक-दोन आठवडे बऱ्याचदा सगळ्यात जड जातात, फोड त्यानंतर भरायला लागतात. चवीला काही महिने लागतात.

बाबांची_लेक:
मास्कचं सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदा गप्प झाले, म्हणाले म्हणूनच हल्ली तो हनुवटीखाली हलतो. मग विचारलं, काढतात कधी. डॉक्टर म्हणाले तोंडाने पुरेसं खायला लागलात की काढू. उद्या सकाळी घालणार आहेत. आईने आज वाटी धुवून ठेवून दिली आणि दोघं बऱ्याच दिवसांनी टीव्हीसमोर बसलेत.