12 चा काइट, 28 नॉट वारा, ट्रिम पूर्ण ओढूनही खेचतोय. काय चुकतंय?

हेगचा_पुणेकर:
नमस्कार मंडळी, इथे काइटसर्फिंगवाले कोणी आहेत का माहीत नाही पण विचारून बघतो. मी मूळचा पुण्याचा, शिकलो गोव्यात मोरजिमला, दोन सीझन मिळून साधारण 25 तास पाण्यावर झाले असतील, तिथे दुपारी तीननंतर जो समुद्री वारा सुटतो त्यात 12 चा काइट आणि मस्त निवांत काम. आता सात महिने झाले नोकरीनिमित्त द हेगला आहे आणि इथे सेकंडहँड 12 मीटरचा काइट बारसकट (हातात धरायचा दांडा) घेतला, उन्हाळ्यात झांडमोटरला चार-पाच वेळा गेलो, काही प्रॉब्लेम नाही.

मागच्या रविवारी फोरकास्ट 22 होता, झटके 28 ते 30. मित्र म्हणाला डीपॉवर करून (म्हणजे ओढ कमी करून) जा की, ट्रिमचा पट्टा कशाला दिलाय. म्हणून ट्रिमचा पट्टा पूर्ण ओढला आणि लाँच केलं. काइट डोक्यावर आणला आणि एक झटका असा आला की पाय जमिनीवरून सुटले, फूटभरच, पण सुटले. मी बार पूर्ण पुढे ढकलून दिलेला तरी काइट खेचतच होता, वाळूत दहा-पंधरा मीटर फरपटलो आणि शेवटी क्विक रिलीज (ओढ एकदम तोडायची कळ) मारला. एक डच आजोबा शांतपणे चालत आले, काइट धरून दिला, आणि फक्त "ते ख्रोत" म्हणाले, म्हणजे फार मोठा. गुडघे सोलले, बाकी ठीक.

प्रश्न दोन. वजन 72 किलो, आता 7 चा घेऊ का 9 चा? आणि जोराच्या वाऱ्यात बांधणीत नक्की काय वेगळं करायचं असतं? बार पूर्ण सोडल्यावर पॉवर जायला पाहिजे ना?

झीलंडची_मावशी:
आधी हे सांग, हेल्मेट होतं का? उत्तर देऊ नकोस, समजलं.

अरे खेच वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. मोरजिमला तू 14-15 नॉटमध्ये 12 उडवत होतास, 28 नॉट म्हणजे वेग जेमतेम दुप्पट पण ओढ जवळजवळ चौपट, आणि ट्रिम काही चौपट कमी करू शकत नाही. वर इथली थंड हवा जड असते, 30 डिग्रीच्या हवेपेक्षा 10 डिग्रीची हवा साधारण सात टक्के दाट, म्हणजे गोव्यातला 20 नॉट आणि इथला ऑक्टोबरचा 20 नॉट हातात सारखे लागत नाहीत. मी पहिल्या हिवाळ्यात ब्राउवर्सडामला हे अंगावर घेऊन शिकलेय.

तुझ्या वजनाला ट्विनटिप बोर्डावर माझा अंदाज असा, 12 म्हणजे 14 ते 19, 9 म्हणजे 18 ते 25, 7 म्हणजे 24 ते 32. पण हे स्थिर वाऱ्याचं गणित आहे. सरासरी न बघता सरासरी आणि झटका यातलं अंतर बघ. 22 ला 25 चे झटके असतील तर 9 ने खेळता येतं. 22 ला 34 म्हणजे एका क्षणात ओढ दुपटीच्या वर, अशा दिवशी मी झटक्याच्या हिशोबाने काइट काढते आणि मधल्या मंद वाऱ्यात बोर्ड बुडतो ते सहन करते.

आणि 7 घेऊ नकोस. ज्या दिवशी तुला 7 लागेल त्या दिवशी 25 तासांच्या माणसाने किनाऱ्यावर बसून वडापाव खावा, मिळाला तर. छोटा काइट जास्त सेफ असं लोकांना वाटतं पण तो वळतो इतका झपकन की हात जरा चुकला तर तो खिडकीच्या (म्हणजे समोरच्या आकाशात काइट जेवढ्या भागात उडतो त्याच्या) मधोमध, जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथे पोचलेला असतो आणि तुला कळायच्या आत तू तिकडे. तू 8 बघ, 12 च्या खाली 8 नीट बसतो. आकार बो किंवा डेल्टा घे, जुना सी-काइट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नकोस, त्यात बार सोडला तरी पॉवर थोडीच जाते.

बार सोडूनही खेचत होता हे मात्र मला खटकतंय. एकटा आकार नसणार त्यात.

येवलेकर:
मी येवल्याचा, समुद्रावरचं हे प्रकरण व्हिडिओतच बघितलंय त्यामुळे चुकलं तर चपला मारा. पण संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर असतो आणि आसारी (मांज्याची फिरकी) हातात घेतली तेव्हा सहा वर्षांचा होतो. तुमचं वाचून वाटलं की तुमची कन्नी चुकलीये.

आमच्याकडे वारा जोराचा असला की आम्ही कन्नीची खालची दोरी जराशी लांब ठेवतो, बोटाच्या पेरभर. मग पतंग पुढे झुकून उभा राहतो, वाऱ्याला छाती कमी देतो आणि बोट कापेल अशी ओढ लागत नाही. वारा पडला की उलटं, खालची आखूड. खालची जास्त आखूड राहिली तर पतंग ओढतो भयंकर पण वर चढत नाही, मागे मागे बसतो. तुमच्या काइटला पण पुढच्या आणि मागच्या दोऱ्या असतात ना? त्यांचं माप कोणी बघितलंय का?

झीलंडची_मावशी:
येवलेकर, चपला कसल्या, तुम्हाला तिळगूळ पाठवते. अगदी हेच. आमच्याकडे पुढच्या दोन लाइन काइटच्या पुढच्या कडेला जातात, त्यावर तुमचं सगळं वजन हार्नेसमधून (कमरेच्या पट्ट्यातून) लटकतं. मागच्या दोन बारच्या टोकांना. बार पुढे ढकलला की मागच्या सैल होतात, म्हणजे तुमच्या भाषेत खालची दोरी लांब, छाती कमी, ओढ कमी. ट्रिमचा पट्टा ओढला की पुढच्या आखूड होतात, परिणाम तोच. अख्खं डीपॉवर म्हणजे चालत्या पतंगाची कन्नी हातातून बदलणं.

आता @हेगचा_पुणेकर, जुना बार आहे ना? पुढच्या लाइनवर सतत भार असतो म्हणून डायनीमाची (न ताणणाऱ्या मजबूत दोऱ्याची) असली तरी वर्षानुवर्षात त्या ताणून लांब होतात, मागच्या तेवढ्या होत नाहीत. म्हणजे मागच्या आपोआप आखूड पडल्या. तू ट्रिम ओढलास तो सगळा ती चूक भरून काढण्यातच संपला, खरं डीपॉवर हाताला उरलंच नाही.

मोजायचं असं: चारही लाइनची टोकं एका खांबाला किंवा कुंपणाच्या खिळ्याला अडकव, ट्रिम पूर्ण सोड म्हणजे फुल पॉवरला, बारकडे ये, बार पूर्ण स्वतःकडे ओढ आणि मागे ताण दे. चारही सारख्या ताणल्या पाहिजेत आणि बार सरळ. पुढच्या झोळ पडून लोंबत असतील तर गुन्हेगार सापडला. मग मागच्या लाइन खांबाला लावून हार्नेसने अंगाचा भार देऊन ताण, थोडं निघतं. उरलेलं अंतर मागच्या लाइनच्या गाठींवर काढ, काइटच्या टोकाला मागे दोरीचा तुकडा असतो त्यावर दोन-तीन गाठी असतात, काइटपासून लांबच्या गाठीवर बांधलं की लाइनची लांबी वाढते. डावी उजवी एकाच गाठीवर, नाहीतर काइट एका बाजूला पळेल.

कल्पिटियारिटर्न:
मी श्रीलंकेला कल्पिटियाच्या लगूनवर दोन आठवडे होतो जुलैमध्ये, रोज 20 ते 25, सगळे 9 नाहीतर 7 वर. तिथे एकाने सांगितलं होतं की जोराच्या वाऱ्यात लाइन लांब करा म्हणजे माणूस काइटपासून लांब, सेफ. 24 च्या जागी 27 लावायच्या. भावा तेवढंच करून बघ नवीन काइट कशाला.

झीलंडची_मावशी:
उलटं सांगितलंय रे तुला. लाइन लांब म्हणजे काइटला झेप घ्यायला आकाश जास्त, तो जितका लांब पल्ला मारतो तितकी ओढ जास्त वेळ लागते. हलक्या वाऱ्यात लांब लावतात. जोराच्या वाऱ्यात 20-22, काही जण 18 पण लावतात. लांबी बदलली तरी 12 चा 8 होत नाही मात्र.

हेगचा_पुणेकर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज ऑफिसनंतर बाइक स्टँडच्या खांबाला लाइन बांधून मोजल्या, शेजारची काकू खिडकीतून बघत होती. पुढच्या दोन्ही 8 सेंटिमीटर लांब निघाल्या!! उजवी मागची डावीपेक्षा एक सेंटिमीटर आखूड ती वेगळीच. ज्याने विकला तो "कधीतरीच वापरलाय" म्हणाला होता. येवलेकर तुम्ही गच्चीवरून निदान केलंत, मानलं.

8 चा एक बघून ठेवलाय, तीन स्ट्रट (कापडावरच्या आडव्या हवेच्या नळ्या), वर्ष 2021. घेताना काय बघू? आणि हवा किती भरायची, माझ्या पंपावर काटा आहे पण मी आतापर्यंत बोटाने टिचकी मारून आवाजावर भरत होतो.

झीलंडची_मावशी:
टिचकी जोराच्या वाऱ्यात चालत नाही. काइटवर छापलेला आकडा बघ, छोट्या काइटला बहुतेक 7-8 पीएसआय असतो, मोठ्याला कमी. हवा कमी असली की झटक्यात पुढची नळी मधोमध दुमडते आणि पाण्यावर असताना ते नको. पंप करताना पंपाची दोरी काइटला अडकव, मी समुद्रकिनाऱ्यावर रिकामा काइट गडगडत जाऊन गाडीच्या काचेवर बसलेला पाहिलाय. भरून झाल्यावर पुढची कड वाऱ्याकडे करून वर वाळू, भरपूर वाळू, ओंजळभर नाही.

घेताना: हवा भरून तासभर ठेवायला सांग, नळ्या मऊ पडतात का बघ. कापड सूर्यासमोर धरून बारीक भोकं. पुढच्या कडेची शिवण हाताने चाचपून बघ, आणि जिथे लाइन लागतात ते दोरीचे तुकडे झिजलेत का, ते स्वस्त असतात, नवेच लावून टाक. बार जुना असेल तर क्विक रिलीज वाळू घालून, ताण देऊन, एका हाताने दाबून सुटतो का बघायचा. 2020 च्या आयएसओ 21853 मध्ये रिलीज किती सहज सुटला पाहिजे ते ठरवलंय, नवीन बार घेतलास तर त्यावर ते छापलेलं असेल.

आणि लाँच. डोक्यावर नेलास तीच तुझी खरी चूक, आकाराची नंतरची. झटक्याच्या वाऱ्यात काइट वर आणून उभं राहायचं नाही, तिथूनच माणूस उचलला जातो. खिडकीच्या कडेला, पाण्याच्या बाजूला, खाली ठेव आणि लगेच पाण्यात चालत जा. वाऱ्याच्या दिशेने खाली निदान दोन लाइनइतकी मोकळी जागा हवी, म्हणजे पन्नास मीटरला माणूस, बाक, कुंपण काही नको. लाँच करणाऱ्याने अंगठा दाखवल्याशिवाय आणि तू चारही लाइन डोळ्याने काइटपर्यंत बघितल्याशिवाय सोडायचं नाही. पूर्वेचा वारा असेल तर हेगच्या किनाऱ्यावर अजिबात नाही, तो सरळ इंग्लंडकडे नेतो.

नैऋत्येचा असेल तर आयसलमेरला वर्कमला जा, कमरेएवढं पाणी आहे लांबपर्यंत, पडलास तरी उभा राहतोस. तिथले काइटचे नियम फलकावर असतात ते वाच. बायबुइएनराडारवर (इथलं पावसाचं रडार) पावसाचा काळा पट्टा येताना दिसला तर पाऊस पडायच्या आधी वारा येतो, तेव्हा पाण्याबाहेर. बोर्डावर आणि काइटवर मोबाईल नंबर लिही, रिकामा काइट तरंगताना दिसला तर लाइफबोटवाले माणूस शोधत बसतात.

कल्पिटियारिटर्न:
@मावशी ते बाउइएनराडार आहे, "बायबुइएन" नाही 😀 आणि लाइनचं मी मागे घेतो.

झीलंडची_मावशी:
ऑटोकरेक्टला मराठीच नीट येत नाही तर डच काय येणार.

येवलेकर:
एक विचारू? 8 मीटर म्हणजे लांबी का? आमचा मोठ्यात मोठा पतंग दारातून निघत नाही एवढाच.

हेगचा_पुणेकर:
चौरस मीटर हो काका, कापडाचं क्षेत्रफळ, आम्ही बोलताना नुसतं मीटर म्हणतो. शनिवारी नैऋत्य 20, झटके 24 दाखवतोय, 8 घेऊन वर्कमला जातोय, हेल्मेट घेतलंय. काइट धरून द्यायला कोणी येतंय का, गाडीत एक जागा आहे.