लष्करी दुर्बिणीचा रंग खरवडून ती चकाकवणं : दुरुस्ती की नासधूस?

जुनीकाच (नौपाडा, ठाणे)

गेल्या रविवारी खारघरला नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. हॉलमध्ये टीव्हीशेजारी सागवानी स्टँडवर एक दुर्बीण, सोन्यासारखी लखलखणारी. जो तो तिच्यासोबत फोटो काढत होता. मी हातात घेऊन नख फिरवलं तर 'बायनो प्रिझम' ही अक्षरं लागली, त्याखाली 6×30 (सहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 30 मिलिमीटरचं) आणि साल 1943. ब्रिटिश सरकारी मालावर असायची ती बाणाची खूणही होती, पण बफिंगच्या चाकाखाली इतकी झिजलेली की उजेडात तिरकी धरल्यावरच दिसली. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तर गेलेच होते. डोळ्याला लावली तेव्हा समोरच्या एका टॉवरचे दोन टॉवर दिसले, तेही ताकातून पाहावेत तसे.

मनापासून वाईट वाटलं. त्या दुर्बिणीचा काळा रंग हौसेचा नव्हता. उन्हात धातू चमकला की शत्रूला आपली जागा कळते, म्हणून तो काळा. तो खरवडून चकाकी आणली म्हणजे ज्या कामासाठी ती घडवली, त्याच्या बरोबर उलट केलं. आतली बुरशी काढा, कुजलेला पट्टा बदला, दोन्ही नळ्या एका रेषेत आणा. त्याला मी दुरुस्ती म्हणेन. इथे बाहेरून सोनं केलं आणि आत कुणी डोकावलंही नाही. तुम्हाला काय वाटतं?

माळ्यावरची_ट्रंक (खारघर)

मी अशीच एक पॉलिश करून घेतली आहे, म्हणून बोलतो. वडिलांच्या मामांची. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. ते गेल्यावर दुर्बीण माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीसेक वर्षं पडून होती. दर पावसाळ्यात तिचं कातडं हिरवं व्हायचं. दिवाळीच्या साफसफाईत आई दोनदा ती भंगारवाल्याला द्यायला निघाली होती. आता स्टँडवर आहे तर माझी सात वर्षांची मुलगी विचारते, हे आजोबा कोण, इटली कुठे. मग आम्ही नकाशा उघडतो.

दादा, साडेपाचशे फुटांच्या फ्लॅटमध्ये वस्तू देखणी असेल तरच तिला हॉलमध्ये जागा मिळते. डागाळलेली, पोपडे निघालेली दुर्बीण परत माळ्यावरच गेली असती. आणि बघायचंच असेल तर नवी दुर्बीण मिळते की. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला कशाला राबवायचं?

ओपीवाला (वर्तकनगर, ठाणे)

मी तोफखान्यात होतो, देवळालीला शिकलो. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

जुनीकाच, रंगाचं एवढं सोवळं नको. फौजेतल्या वस्तू वर्कशॉपमध्ये खरवडून पुन्हा रंगवल्या जातातच. तुम्ही ज्याला मूळ रंग म्हणता तो दुसरा-तिसरा हातही असू शकतो. पण खारघरकर, कोरलेला नंबर आणि साल पुसू देऊ नका. तीच तिची ओळख. ती गेली की मामांची दुर्बीण आणि बाजारातली कुठलीही, एकच.

आणखी एक. अशा बऱ्याच दुर्बिणींत एका डोळ्याच्या काचेवर बारीक रेघा असतात. पॉलिशवाला त्यांना ओरखडे समजतो. त्या मिलच्या खुणा. मिल म्हणजे कोन मोजायचं बारीक माप. 1000 मीटरवर 1 मिल म्हणजे साधारण 1 मीटर. लक्ष्य 2000 मीटरवर आहे आणि गोळा 20 मिल डावीकडे पडला, तर 40 मीटर उजवीकडे घ्या, असं ओपीवरचा, म्हणजे निरीक्षण चौकीवरचा, माणूस तिथल्या तिथे सांगतो. तुमच्या दुर्बिणीत त्या रेघा आहेत का, हे मुलीला आधी दाखवा. नकाशा नंतर.

पितळबाजार (वाशी)

यात खऱ्या-खोट्याचा मुद्दा राहून गेला. मोठ्या ठसठशीत अक्षरांत 'लंडन 1915' लिहिलेल्या पितळी दुर्बिणी रुडकी, मुरादाबादकडे आजही नव्याने बनतात. नवी म्हणून विकली तर त्यात काहीच वावगं नाही. शोकेससाठी तीच घ्या, हवी तेवढी घासा. खऱ्या दुर्बिणीला हात लावायची गरजच उरत नाही. खऱ्या मालावरचे शिक्के लहान, कामापुरते, कोरडे असतात. मिरवायला केलेले नसतात.

शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभरीची अट आहे. पहिल्या महायुद्धातली दुर्बीण ती ओलांडून गेलीय. ती पुरावशेष ठरली तर खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. भेट म्हणून मुलाकडे अमेरिकेला नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

खाडीकाठ (ऐरोली)

'म्हातारीला कशाला राबवायचं' हे वाचून राहवलं नाही. माझ्याकडे नौदलातली जुनी 7×50 आहे. हिवाळ्यात पहाटे खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला तीच नेते. 50 ला 7 ने भागा, डोळ्यापाशी सात मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ मिळतं. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त उघडते ती साधारण तेवढीच. झुंजुमुंजू असताना, नुसत्या डोळ्यांना राखाडी चिखल दिसतो तेव्हा, तिच्यातून गुलाबी कडा दिसायला लागतात. वजनाने मान अवघडते, पण ती काम करते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

खारघरकर, आतून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लवकर काढायला हवी, नाहीतर काचेवरचा थर खाते. घरी उघडू नका. प्रिझम जरा हलला की दोन टॉवर दिसलेच म्हणून समजा. आणि पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत मुळीच ठेवू नका, चामडं ओल धरतं. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात.

माळ्यावरची_ट्रंक

ताई, आत्ताच टॉर्च मारला. धागे आहेत, डाव्या बाजूला जास्त. आणि काका, रेघाही आहेत! इतकी वर्षं मीसुद्धा त्यांना ओरखडेच समजत होतो. नंबर पुसट झालाय पण वाचता येतोय, लिहून ठेवला.

आतली सफाई जाणकाराकडून करून घेतो. पण पॉलिश केल्याचा पश्चात्ताप मला नाही, हे स्पष्ट सांगतो. पॉलिश झालं म्हणून ती ट्रंकेतून बाहेर आली.

जुनीकाच

तेवढं मान्य. भंगारात गेली असती तर बुरशीचाही प्रश्न उरला नसता. पण सफाईला द्याल तेव्हा सांगा, बाहेरून पुन्हा बफिंग नको. अजून एक हात फिरला तर तो नंबर वाचता येणार नाही.