मदत हवी आहे: कॅमेऱ्यासाठी घेतलेला महागडा फोन थरथरायला लागलाय, चवथीच्या आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितोय, कारण थोडक्यात लिहिलं की "रिस्टार्ट करून बघ, कॅशे क्लिअर कर" एवढंच कळतं आणि ते सगळं माझं दहादा करून झालंय.

मी डिचोलीत राहतो, एका क्रेडिट सोसायटीत कर्ज विभागात आहे. काम सगळं फिरतीचं. साखळी, वाळपई, होंडा, त्याच्याही आतले वाडे. कर्जदाराचं घर बघायचं, जामीनदाराला भेटायचं, आधार, पॅन, घरपट्टीची पावती, जमिनीचा एक-चौदाचा उतारा ह्या सगळ्याचे फोटो काढून तिथूनच ऑफिसला पाठवायचे. म्हणजे फोन हे माझं कामाचं हत्यार आहे, शौकाची वस्तू नाही.

पण हा फोन मी घेतला तो आईच्या माटोळीसाठी. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं, फुलं, पानं, मुळं बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, निरफणस, चिबूड हे सगळ्यांना माहीत असतं, पण कवंडळं, घागऱ्या, माट्ट्या ह्या जिनसा कुठल्या झाडाच्या, कुठे मिळतात, कधी काढायच्या हे आमच्या घरात आता फक्त आईला माहीत आहे आणि ती ७४ वर्षांची आहे. पूर्वी वडील आणि ती दोघं रानात जाऊन आणायची, आता बाजारातून येतं आणि विकणाऱ्यालाही निम्म्याची नावं येत नाहीत. मला प्रत्येक जिनसेचा एक चांगला फोटो, आईने सांगितलेलं नाव आणि तिच्या आवाजात दोन वाक्यं असं करून ठेवायचंय. जुन्या फोनवर घरातल्या ट्यूबलाइटमध्ये सगळं चिकट, पुसट यायचं. म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये, चवथीच्या तोंडावर, ८४ हजारांचा फोन बारा हप्त्यांत घेतला. मोठा सेन्सर, पेरिस्कोप झूम, सगळं असलेला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, मला भांडण नको, उपाय हवाय.

गेल्या वर्षी चवथीला पहिल्यांदा वापरला आणि घाईत काढलेले बहुतेक फोटो फुकट गेले. पुढची सुपारी स्पष्ट तर मागचा निरफणस पुसट. आणि रंग! कवंडळ पिकलं की शेंदरी होतं, पण त्याला एक मऊ साय असते अंगावर, ती सगळी गुळगुळीत करून टाकली फोनने. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, "हें कवंडळ न्हय रे, हो प्लास्टिकाचो चेंडू." तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी नीट शिकून काढायचे.

आता खरी अडचण. जूनपासून कॅमेरा बिघडलाय. 1 एक्सवर कॅमेरा उघडला की स्क्रीनवरचं सगळं उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. काल फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला, हात लावला नाही, तरी समोरच्या टाइल्सच्या रेघा लाटांसारख्या नाचत होत्या. कान जवळ नेला तर आत भुंगा अडकल्यासारखं घूंऽऽ असा बारीक आवाज. 3 एक्सला फोकस पुढे-मागे करत राहतो, बसतच नाही. 0.6 एक्सला मात्र एकदम शांत, तिथे काही प्रॉब्लेम नाही. बाकी फोन उत्तम चालतो, कॉल, नेट, बँकेची ॲप्स, बॅटरीसुद्धा सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत पुरते.

माझा संशय स्कूटरवर आहे. आतल्या वाड्यांवर मॅप लागतो म्हणून हँडलला क्लॅम्प लावलाय, फोन त्यात दिवसाचे तीन-चार तास असतो आणि खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्यांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. बिघडल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं की ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्येच आपल्या सपोर्ट पेजवर लिहिलंय की मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं हँडलमधून थेट फोनला गेली तर कॅमेऱ्याचं ओआयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर कंपनं शोषणारा माउंट वापरा. माझा फोन त्यांचा नाही, पण ओआयएस म्हणजे बारीक स्प्रिंगवर तरंगणारी लेन्स आणि तिला सावरणारी चुंबकं, ही रचना सगळीकडे साधारण तीच. हे मला घेताना कोणी सांगितलं नाही, दुकानात माणूस फक्त चंद्राचा फोटो दाखवत होता.

पणजीला सर्व्हिस सेंटरला गेलो. दहा मिनिटं आत नेऊन परत आणला आणि तोंडी सांगितलं की "इम्पॅक्ट डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल, साडेचौदा हजार, पार्ट यायला तीन ते चार आठवडे." फोन एकदाही पडलेला नाही, काचेवर ओरखडा नाही. वॉरंटी संपायला नऊ दिवस राहिलेत. यंदा अधिक महिन्यामुळे चवथ सप्टेंबरात गेलीय म्हणून थोडा वेळ आहे, नाहीतर तेवढाही नसता.

तर मला विचारायचंय ते असं. हे नक्की कंपनांमुळेच झालंय की दुसरं काही, घरी तपासता येतं का? साडेचौदा हजार घालावेत का, की बाहेर म्हापशाला स्वस्तात करून घ्यावं, आणि फोन एकदा उघडला की पावसात वापरता येतो का, कारण आमची फिरती पावसात थांबत नाही. दुरुस्त नाहीच झाला तर आहे ह्या अवस्थेत माटोळीचे फोटो कसे काढावेत. आणि एक जुनंच दुखणं, चांगला असतानासुद्धा हा फोन आधार कार्डाचा फोटो काढला की कडा पुसट काढायचा, ऑफिसमधून दोनदा परत आलेत कागद. एवढ्या महाग कॅमेऱ्याला एक कार्ड नीट का काढता येऊ नये?

प्रतिसाद १

दादा, सगळ्यात आधी एक करा. कव्हर काढा. कव्हरला मागे मॅग्नेटची रिंग किंवा स्टँड किंवा कार्ड ठेवायचं पाकीट आहे का? ओआयएस चुंबकावर चालतं, लेन्स कुठे आहे हेसुद्धा चुंबकीय सेन्सरनेच कळतं. बाहेरचं चुंबक जवळ आलं की फोनला लेन्सची जागाच चुकीची कळते आणि तो तिला ओढत बसतो. माझ्या मिस्टरांच्या फोनला हेच झालं होतं, रिंग काढली आणि मिनिटात बरा. चुंबकाने झालेलं काढलं की जातं, कंपनांनी झालेलं जात नाही, तेवढ्यावरून कळेल तुम्हाला.

आणि फोन नुसता हलवल्यावर आत कटकट वाजतं का बघू नका, ते चांगल्या फोनमध्येही वाजतं, कॅमेरा बंद असताना लेन्स मोकळीच असते. कॅमेरा चालू करून ऐका.

प्रतिसाद २

मी फोंड्याला असतो, लग्नाचे, जत्रांचे फोटो काढतो. कागदाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही, मोठ्या सेन्सरचा तो स्वभाव आहे. ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर खरं तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, एक इंच हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या ट्यूबवरून आलंय, पण फोनच्या मानाने तो प्रचंडच. सेन्सर मोठा आणि लेन्स उघडी, म्हणून जवळून काढलं की फोकसचा पट्टा अगदी पातळ होतो. कार्ड जरा तिरकं असलं की एक कड गेलीच. त्यात कार्ड फ्रेमभर यावं म्हणून आपण फोन अजून खाली नेतो. उलट करायचं, दोन हात लांब व्हायचं आणि 2 एक्सवर काढायचं. कागद खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा.

माटोळीचंही तेच, फक्त ती वर टांगलेली आणि एक-दीड हात जाडीची. खाली उभं राहून 1 एक्सने काढली तर पुढची सुपारीच फक्त येणार. जितकं मागे जाता येईल तितकं जा, खोलीच्या दारात उभे राहा, 2 एक्स घ्या. पोर्ट्रेट मोड नको. एकेका फळाचे फोटो मात्र बांधायच्या आधी काढून ठेवा, आदल्या दिवशी, पडवीत, सुपात किंवा केळीच्या पानावर. ढगाळ दिवसाचा उजेड फळाला सगळ्यात चांगला. रंगासाठी सीन ओळखणारी एआय सेटिंग बंद करा आणि शक्य असेल तर रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढा, त्यात फोनचं रंगकाम आणि गुळगुळीतपणा जवळजवळ नसतो. फाइल्स मोठ्या होतात पण चाळीस-पन्नास फोटोंना काय.

घरात एलईडीच्या माळा असतील तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकतात, आपली वीज ५० हर्ट्झची, प्रो मोडमध्ये शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवलं की बऱ्याचदा जातात. ते पन्नासांश वगैरे हातात धरून जमणार नाही तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्याने, ट्रायपॉड घ्या आणि सेटिंगमध्ये स्टॅबिलायझेशन बंद करता येतं का बघा. ते फक्त व्हिडिओचं असेल तर उपयोग नाही.

हे फोटो घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवलेत तर सगळी मेहनत तिथे आवळली जाते.

प्रतिसाद ३

सर्व्हिस सेंटरवाल्याचं तोंडी काही ऐकू नका. वॉरंटी चालू असतानाच परत जा आणि तक्रार लिहून जॉबशीट घ्या, त्यावर तारीख आणि नाकारण्याचं कारण त्यांच्याकडून लिहून घ्या. नऊ दिवसांनी गेलात तर सांगायला काही उरणार नाही. लिहून द्यायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. फोन पडल्याची खूण नसेल तर इम्पॅक्ट कुठे झाला हे त्यांनी दाखवायला हवं. पण स्कूटरचं विचारलं तर खोटं बोलू नका, असं माझं मत.

पावसाचं म्हणाल तर आयपी ६८ ही पाणी-धूळ आत जात नाही ना बघायची चाचणी, नव्या फोनची, गोड्या पाण्यातली. समुद्राच्या पाण्याची त्यात हमी नाही, आणि फोन उघडला की आतला चिकट गॅस्केट नवा बसवावाच लागतो. तो बसवला का हे विचारा, बाहेर बरेच जण जुन्यावरच दाबून देतात. नंतर पावसात प्लास्टिकच्या पाउचमध्येच ठेवा.

मूळ धागाकर्ता, चार दिवसांनी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेष करून चुंबकाचं लिहिणाऱ्या ताईंना. कव्हरला मागे गोल रिंग होती, ऑफिसात टेबलावर फोन उभा करायला लावलेली, आणि ती इतकी सवयीची झाली होती की लिहायचं डोक्यातच आलं नाही. कव्हर काढलं आणि 3 एक्सचा फोकस पटकन बसला, आता पूर्ण ठीक आहे. 1 एक्सची थरथर मात्र आहे तशीच आणि भुंगाही आहे, म्हणजे तेवढं कंपनांचंच असणार.

काल परत पणजीला गेलो. स्कूटरवर लावत होतो हे सरळ सांगितलं. जॉबशीट मागितली तर पहिल्यांदा कुरकुर झाली, मग दिली. "बाह्य नुकसानाची खूण नाही" असं तपासणीच्या रकान्यात त्यांनीच लिहिलंय आणि केस कंपनीकडे पाठवलीय, आठवड्यात कळवतो म्हणाले. पार्टचे पैसे द्यावे लागले तरी गॅस्केट नवा बसवणार हे लिहून घेतलंय. हँडलवरचा क्लॅम्प काढला. फोन खिशात, कानात एका बाजूला इअरफोन, मॅप बोलतो तेवढं ऐकून जातो, वळण चुकलं तर थांबून बघतो.

आधार कार्ड 3 एक्सने दोन हात लांबून काढलं, चारही कोपरे वाचता येतात. एवढं सोपं होतं.

आज रविवार, पाऊस थोडा थांबला होता. आईला परसात आंबाडे मिळाले, अजून कोवळे हिरवे. पडवीत केळीच्या पानावर ठेवून 3 एक्सने काढले, एआय बंद, रॉमध्ये. आंबाड्यावर डेखाजवळ बारीक तपकिरी ठिपके असतात ते आले. आईने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि झाड कोणी लावलं होतं ते सांगायला लागली, ते सगळं रेकॉर्ड केलंय, सहा मिनिटं झाली. एक अडचण आहे, रेकॉर्डिंगमध्ये मागे पागोळ्यांचा आवाज फार येतोय. फोनच्या माइकने जवळचा आवाज जास्त आणि पावसाचा कमी घेण्याची काही सेटिंग असते का, की कॉलर माइक घ्यावा? घ्यायचा असेल तर साधारण कितीपर्यंतचा पुरेल ते सांगा.