नवा गिगाबिट स्विच आणि १०० चा प्रिंटर: सगळंच हळू होतं का?

रावपुरा_प्रेस
नमस्कार. वडोदऱ्यात रावपुऱ्यात आमची छोटी प्रेस आहे. गणपती मंडळांची पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका हे मुख्य काम. जुना १०/१०० चा (सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिट वेगाचा) स्विच, म्हणजे सगळी यंत्रं केबलने जोडणारी पेटी, गेला म्हणून आठ पोर्टचा साधा गिगाबिट (१००० मेगाबिटचा) स्विच बसवला. डिझाइनची दोन्ही मशीनं आणि सर्व्हर गिगाबिटचे आहेत, लेझर प्रिंटर मात्र १०/१०० चाच. शेजारचे म्हणतात, प्रिंटर त्याच स्विचला लावला तर सगळेच १०० वर येतील, त्याला वेगळा स्विच घ्या. खरंच, स्विच बदलल्यापासून प्रिंटर रडतोय. पिंग (यंत्र उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश) व्यवस्थित, एका पानाची पावती निघते, पण मोठी फाइल टाकली की अडकतो. शिवाय खिडकीजवळच्या मशीनवर ८०० एमबीची फाइल सर्व्हरवरून यायला मिनिटाच्या वर लागतं, दुसऱ्यावर दहा सेकंदांत येते. प्रिंटर काढू का?

तांबं_आणि_काच
दादा, प्रिंटर राहू द्या. शेजाऱ्यांचं म्हणणं स्विचच्या आधीच्या साध्या जोडपेटीच्या, हबच्या काळातलं आहे. तिथे एकच तार सगळ्यांत वाटलेली असायची. स्विचमध्ये प्रत्येक पोर्ट समोरच्या यंत्राशी आपापला वेग ठरवतो. सर्व्हरने गिगाबिटने पाठवलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) स्विच बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) घेतो आणि प्रिंटरला १०० ने देतो. बफर भरला तर काही पॅकेट गळतात, मग टीसीपी (माहिती नीट पोचवण्याची नेटवर्कची पद्धत) स्वतःच वेग उतरवतो, तोही फक्त त्या प्रिंटरशी चाललेल्या देवाणघेवाणीत. तुमच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत.

खिडकीजवळचं मशीन नक्की १०० वर जुळलंय. १०० मेगाबिटला (आठ बिटांचा एक बाइट) प्रत्यक्षात सेकंदाला ११-१२ एमबी (मेगाबाइट) मिळतात, ८०० ला सत्तर सेकंद. तुमचा हिशोब तंतोतंत बसतो. १०० ला केबलमधल्या दोनच जोड्या पुरतात (पिन १, २, ३, ६), गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन, म्हणजे निळी आणि तपकिरी जोडी, दोन्ही टोकांना नीट जोडल्यात का ते बघा. जुन्या स्विचवर हे कळणारच नव्हतं.

प्रिंटरचं दुखणं जास्त चिवट आहे. त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कोणी हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’ करून ठेवलंय का? (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे एका वेळी एकच.) तसं असेल तर तो स्विचशी वाटाघाटच करत नाही. स्विचला सिग्नलवरून १०० चा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. आता प्रिंटर मनाला येईल तेव्हा पाठवतो आणि स्विच त्याला टक्कर समजून आपलं पाठवणं अर्ध्यावर सोडतो. पिंग बारीक असतो, तो निसटतो; मोठं काम मरतं. सेटिंग ‘ऑटो’ करा.

मांजलपूरकर
अगदी बरोबर. आणि वेगळा स्विच घेतला असता तरी हाच गोंधळ तिथे झाला असता. साध्या स्विचचे पोर्ट कायम ऑटोवरच असतात, ते हाताने बदलता येत नाहीत.

रावपुरा_प्रेस
प्रिंटरवर ‘१०० फुल’च निघालं! जुना स्विच सेटिंगवाला होता, त्यातही तो पोर्ट तसाच बांधलेला असणार. ऑटो केलं आणि चाळीस पानांची फाइल सरसर निघाली. केबलमधली निळी-तपकिरी जोडी भिंतीतल्या डबीतून काउंटरच्या फोनला नेलेली सापडली. ती परत जोडली तर गिगाबिट येईल ना? फोनचं काय करू? आणि पुढे २.५ गिगाबिटचा स्विच घेतला तर प्रिंटर चालेल?

तांबं_आणि_काच
येईल, केबल कॅट-५ई दर्जाची असेल आणि लांबी १०० मीटरच्या आत असेल तर. फोनला स्वतंत्र तार ओढा. गिगाबिटच्या केबलमध्ये एकही जोडी उसनी देता येत नाही. २.५ च्या स्विचवर १०० चा प्रिंटर साधारणपणे चालतो. मात्र अशा बऱ्याच पोर्टना १० एमबीपीएसचा (मेगाबिट प्रति सेकंद) वेग जमत नाही. कटिंग मशीन किंवा तसलं एखादं जुनं यंत्र १० वरच चालणारं असेल, तर विकत घेण्याआधी स्विचच्या माहितीपत्रकात १० लिहिलंय का ते बघा. नसेल तर आत्ताचा स्विच त्या यंत्रासाठी ठेवा आणि नव्याला जोडा.