लेट्रोझोल चालू, वजन चढतंय: आईसाठी सल्ला हवा

साखळीची लेक:
आई ५८ वर्षांची, पाळी कधीच गेलेली. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन झालं. गाठ ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसणारी), लेट्रोझोल २.५ मिग्रॅची गोळी चालू आहे. उंची १५५ सेंमी, वजन ७४. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, घरचे म्हणतात आजारी बाईला खाऊ दे. चरबीचा खरंच संबंध आहे का? सुरुवात कुठून करू?

मांडवीकाठ:
संबंध आहे, ताई. पाळी गेल्यावर अंडाशयातलं इस्ट्रोजेन जवळपास थांबतं, पण चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींच्या अँड्रोजेन या संप्रेरकांपासून ते बनवत राहतं. लेट्रोझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. दुसरी वाट इन्सुलिनची. पोट सुटलं की इन्सुलिन वाढतं, मग यकृत एसएचबीजी हे इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं आणि रक्तात मोकळं इस्ट्रोजेन जास्त उरतं. लठ्ठपणा असला की आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मात्र निदानानंतर वजन घटवलं की आयुष्य वाढतंच, हे अजून ठाम सिद्ध झालेलं नाही. म्हणून वजन उतरलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

आईंचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३०.८ येतो, आपल्याकडे २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप, श्वास सोडून. बायकांसाठी मर्यादा ८० सेंमी.

पोईवाली:
जेवणाचं मी सांगते. सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी पुष्कळ. उपास करून झपाट्यानं उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते परत मिळवणं या वयात फार कठीण. नुस्तें (मासे) बंद करू नका, प्रथिनं त्यातूनच मिळतात. रव्यात घोळून तळलेला बांगडा तेल पितो. तोच हळद-मीठ लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजा. हुमणातलं (माशांच्या आमटीतलं) खोबरं निम्मं करा, उकड्या तांदळाचा भात एक वाटी, बाजूला तांबडी भाजी भरपूर. सोलकढीऐवजी तिवळ, म्हणजे खोबऱ्याशिवायचं कोकमाचं सार. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साखळीची लेक:
चालायला लावलं तर सांधे दुखतात म्हणते.

मांडवीकाठ:
लेट्रोझोलनं सकाळी सांधे आखडतात, आणि नियमित व्यायामानं ते दुखणं कमी होतं. दहा मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला १५० पर्यंत न्या. गोळीनं हाडंही विरळ होतात. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर विचारा. आठवड्यातून दोनदा रबरी पट्ट्याचा व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून शिकून, हलक्या पट्ट्यानं. ऑपरेशनच्या बाजूचा हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, तर थांबून लगेच दाखवा.